टायरांची खांदमळण

आमची गाडी गावात शिरली की लोकांना गाडी ऐकू येत नाही, भांडी ऐकू येतात. गाडीला स्वतःचा आवाजच नाही. लाइटवर चार्ज करायची छोटी पिकअप आहे. पुढं दोघांची बसायची जागा, मागं उघडा हौदा, आणि हौद्यात माझी भगुणी, डेगी, कढया, पराती, एकमेकींच्या अंगावर पडत, भांडत निघालेल्या. कुणाचा सप्ता असो, बारसं असो, देवाचा भंडारा असो, जिंतूरच्या आसपासच्या खेड्यांत पंगतीची भांडी भाड्यानं द्यायचा माझा धंदा आहे. आधी मी भांडी दुसऱ्याच्या टेम्पोत पाठवायची. तो न्यायचा वेळेवर आणि आणायचा त्याच्या मर्जीनं. परत आली की झाकणं एका गावची आणि भगुणी दुसऱ्या गावची. मग साठी ओलांडल्यावर मी गाडी शिकले, लायसन काढलं आणि ही पिकअप घेतली. हिला गियर नाही, क्लच नाही. शिकवणाऱ्याला मी म्हणलं, जिला शिलाई मशीन येते तिला ही गाडी यायलाच पाहिजे. तो म्हणला, "मावशी, मशीन भिंतीला धडकत न्हाई."

ते पण खरंच होतं.

आमचे मालक गाडी चालवत नाहीत. त्यांची सगळी हयात बैलांत गेली. बैल पारखावा तर त्यांनी. दुसऱ्या गावचे लोक त्यांना बाजाराला घेऊन जायचे, चहा पाजायचे आणि म्हणायचे, तुमी फक्त हात फिरवून सांगा. आता शेत ट्रॅक्टरनं होतं, आमची दावण रिकामी झाली, आणि त्याच गोठ्यात ही पिकअप उभी राहते. चार्जिंगचा बोर्ड गव्हाणीच्या वर बसवलाय. रोज दिवस मावळला की मालक ओसरीवरून विचारतात, "गाडीला वैरण टाकली का?"

"टाकली."

"खातीय का नीट?"

मग मी वाकून हिरवा दिवा लुकलुकतोय का बघते आणि सांगते, खातीय.

तर झालं असं, श्रावणात मी रिकामी भांडी घेऊन घरी येत होते. पाऊस नुकताच येऊन गेला होता. गावाच्या अलीकडं ओढ्यापाशी एक वळण आहे, तिथं डांबर काही टिकत नाही. दोन्हीकडच्या रानातली काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येते आणि पाऊस पडला की तिथं पाय ठेवायची सोय राहत नाही. मी वळणावर स्टेअरिंग फिरवलं. गाडी वळायची सोडून सरळच निघाली. मी फिरवतेय, आणि गाडी म्हणतेय, फिरव बाई तू, मी चालले. जोरात बिरात काही नाही, सावकाश, पाहुणी घरात शिरावी तशी शिरली आणि सोयाबीनमध्ये जाऊन तिरपी बसली.

रान माझ्या चुलत जावेचं. ती तिथंच खुरपत होती. मला ती अक्का म्हणते. जागची उठली नाही, खुरपं पण खाली ठेवलं नाही.

"अक्का, रस्ता तिकडं हाय."

"माहीत हाय."

"मग हिकडं काय करायलीस?"

"तुझं सोयाबीन कसं आलंय ते बघायला आले."

"बरं केलंस. आता आत आलीच हायस तर एक ओळ खुरपून जा."

मला काही लागलं नव्हतं. फक्त सगळ्यांत मोठ्या डेगीचं झाकण हौद्यातून उडालं, उभं राहिलं, आणि रस्त्यानं एकटंच घरंगळत निघालं. मला जे वळण घेता आलं नाही ते त्या झाकणानं बरोबर घेतलं. मागून कुणी मोटरसायकलवाला येत होता, त्यानं ते सगळं मोबाइलमध्ये धरलं. मी घरी पोचायच्या आत ते पुण्याला माझ्या लेकाला पोचलं होतं.

"आई, लागलं का कुठं?"

"न्हाई."

"नक्की?"

"न्हाई म्हणलं ना."

"मग ऐक. आता बास. पोळ्याला येतो आणि गाडी विकून टाकतो."

मी म्हणलं, गाडीचा काय दोष, टायर गुळगुळीत झालेत. ते खरंच होते. बॅटरीमुळं ही गाडी अंगानं जड, आणि पाय टेकवला की झटक्यात निघते, त्यामुळं टायर लवकर झिजतात. पुढं सगळ्यांनीच मला हे सांगितलं, घेताना मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. बराच वेळ आमचं फोनवर चाललं. शेवटी ठरलं ते असं. नवे टायर बसवायचे. तो पोळ्याला आला की माझ्या शेजारी बसणार, मी त्याच वळणावरून गाडी काढायची. घसरली तर किल्ली त्याची. नाही घसरली तर माझी. आणि तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही.

मी हो म्हणलं खरं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चारठाण्याला भंडारा होता, भांडी आदल्या संध्याकाळी पोचती करायचा शब्द मी दिलेला. किल्ली गेली म्हणजे पुन्हा तो टेम्पोवाला, त्याची मर्जी, आणि मी ओसरीत बसून कोणतं झाकण कोणाचं ते जुळवणार.

टायर कोणते घ्यायचे ह्यावर गावात ज्याला त्याला मत होतं. कुणी म्हणलं ट्रॅक्टरसारखे घ्या. कुणी म्हणलं जुन्यालाच खाचा पाडून मिळतात. जाऊ म्हणली, कोणते पण घे, पण माझ्या रानाच्या बाजूला जायचे घेऊ नको.

टायरच्या अंगावर आकडे असतात, ते दुकानदाराला दाखवावे लागतात, एवढं मला माहीत होतं. मोबाइलनं फोटो काढला तर काळ्यावर काळं, काहीच दिसेना. मग मी डब्यातली रांगोळी घेतली आणि त्या उठलेल्या अक्षरांवरून बोटानं फिरवली. काय सुरेख आले आकडे. गाडी बंदीत होती म्हणून मी आणि मालक एसटीनं जिंतूरला गेलो.

दुकानदार तरणा माणूस होता, मला मावशी आणि मालकांना चाचा म्हणायचा. त्यानं माझा फोटो बघितला.

"मावशी, टायरला रांगोळी?"

"तुमाला आकडा दिसला ना?"

"दिसला. पण टायरचं लगीन हाय असं वाटायलंय."

आधी त्यानं एक टायर काढलं ते बघायला अगदी तेच. पण मी आकडे ताडून बघितले तर वजन पेलायचा आकडा कमी. ते कारचं होतं. माझ्या डेगी काय कारमध्ये बसून जाणाऱ्या आहेत का? ते त्यानं परत ठेवलं आणि दोन जातीचे टायर पुढं आणले. एक जाडजूड, अंगावर ढेकळासारखे उंचवटे आणि मध्ये खोल खाचा. दुसरं साधं, गोल फिरवून चार रेघा ओढल्यासारखं.

आता पारख करायची म्हणजे आमच्या मालकांचा प्रांत. त्यांनी टोपी नीट केली, धोतराचा सोगा खोचला आणि जाड टायराभोवती एक फेरा मारला. मग त्याच्या पाठीवर थाप मारली. मग दाबून बघितलं. मग वाकून वास घेतला. नव्या टायराला रबराचे बारीक बारीक केस असतात ना, त्यावरून त्यांनी उलटा हात फिरवला आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

"कवळं हाय. अंगावर लव हाय अजून."

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणलं, बघू द्या त्यांना.

टायराच्या कडेला कंपनीनं रंगाचा एक ठिपका दिलेला असतो. तो मालकांना सापडला. दुसऱ्याच्या कडेला बघितलं तर ठिपका वेगळ्या जागी.

"ह्याचा टिळा हितं, त्याचा टिळा तिथं. जोड जमत न्हाई."

"चाचा, तो कंपनीचा निशान हाय. त्याचं काय न्हाई."

"तुमच्या लेखी काय न्हाई. दुसरं आणा."

तो बिचारा आत गेला आणि दुसरं घेऊन आला. त्याचा टिळा जुळला. मालक खूश झाले. दुकानदाराला वाटलं, सौदा झाला. तो म्हणला, घेऊन जा चाचा, मोटा माल हाय, चिखल असो, दगड असो, हालायचा न्हाई.

मी म्हणलं, "ह्यानं बॅटरी किती खाईल?"

"टायर बॅटरी कामून खाईल, मावशी? टायर हवा खातो."

माझं काही समाधान झालं नाही. गाडीच्या कंपनीचा एक नंबर माझ्याकडं होता, तो मी तिथंच लावला. एक पोरगी गोड आवाजात बोलायला लागली. मी तिला सगळं सांगितलं, वळण, सोयाबीन, रांगोळी. ती म्हणली, "मॅडम, जाड नक्षीचे टायर फिरायला जड असतात. एका चार्जिंगमध्ये गाडी कमी अंतर जाईल."

"किती कमी?"

"ते वापरावर आहे, मॅडम."

"चारठाण्याहून परत येईल का?"

"चारठाणा कुठं आहे, मॅडम?"

"जिंतूरच्या पलीकडं."

"जिंतूर कुठं आहे, मॅडम?"

शेजारून मालक म्हणले, "तिला म्हणावं पोळ्याला ये, दाखवतो." मी फोन ठेवला.

तर पेच असा पडला. जाड घ्यावेत तर वळण निघेल, पण भरली भांडी नेऊन येताना गाडी वाटेत उपाशी बसेल. रेघांचे घ्यावेत तर चारठाण्याहून परत येईल, पण येईल ती जावेच्या रानात. मी स्टुलावर बसले. दुकानदारानं चहा सांगितला. चहा पिता पिता माझ्या डोक्यात आलं ते डेगीवरून. भरलेली डेग आम्ही बाया दोघी मिळून नेतो तेव्हा पुढची वाट धरते आणि मागची जोर लावते. दोघींनी वाट धरली तर डेग हलत नाही, दोघींनी जोर लावला तर चूल कुठं आणि डेग कुठं.

मी विचारलं, "हिची मोटर पुढच्या चाकाला फिरवती का मागच्या?"

"मागच्या."

"मग मागं जाड बसवा आणि पुढं रेघांचे. चालतं का?"

"चालतं की. लोडिंगवाले लय जण असंच बसवतात."

"मग आधी कामून न्हाई सांगितलं?"

"आधी चाचा टिळे बघायले होते."

आता मालक अडून बसले. "चार पाय चार जातीचे? लोक हासतील."

"दोन जातीचे."

"तेच ते. म्या आजवर कुणाला इजोड जोडी घेऊन दिली न्हाई. अन् माझ्याच दारात इजोड?"

"आवो, जोडी डाव्या-उजव्याची असती. ती सारखीच हाय. पुढच्या अन् मागच्या पायाचं म्हणायले मी. बैलाचा पुढचा पाय अन् मागचा पाय सारखा असतो का?"

डोळे मिटून त्यांनी एखादा जुना बैल डोळ्यांपुढं उभा केला असावा. डोळे उघडून म्हणले, "मागचा मांडीला भरदार असतो."

"मग?"

"मग काय. बसवा."

भाव करायची वेळ आली तेव्हा आणखी एक नवल झालं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर कपडा टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. मालकांनी खांद्यावरची दस्ती काढली, दुकानदाराचा हात धरला आणि वरून दस्ती टाकली.

दुकानदार दचकला. "चाचा, काय करायलाव?"

"सौदा."

"हे बोट दाबलं म्हणजे काय?"

"ते बोलायचं नसतं."

"न्हाई बोललं तर मला कळंल कसं?"

"तू पण दाब."

त्यानं दाबलं. मालकांनी तोंड कडू केलं. मालकांनी दाबलं. त्याला गुदगुल्या झाल्या. दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि त्या दस्तीकडं बघत बसलं. शेवटी दुकानदारानं हात सोडवून घेतला आणि म्हणला, न्या चाचा, तुमच्या मनासारखं. काय ठरलं ते मला आजवर माहीत नाही. मला वाटतं, त्याला पण नाही.

येताना एसटीत चार टायर. कंडक्टर म्हणला, "आजोबा, हे वर टाका." मालक म्हणले, "नवं जनावर वर टाकत न्हाईत, बिचकतं." सगळी एसटी हसली आणि कंडक्टरनं मागच्या सीटवर जागा करून दिली. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला घरी बोलावून आम्ही टायर बसवून घेतले. पुढं रेघांचे, मागं ढेकळांचे. गाडी अशी दिसायला लागली की बाईनं पायात चप्पल घालावी आणि मागून तिला कुणीतरी बूट घातलेलं ढकलत असावं. पण माझ्या मनाला तसल्ली वाटली.

मग आला पोळ्याचा आदला दिवस. त्या दिवशी दिवस मावळताना बैलांची खांदमळण असते. वर्षभर जू वाहून खांदे सोलून निघालेले असतात, म्हणून त्यांना लोणी आणि हळद चोळायची आणि बैलांना जेवायचं आवतण द्यायचं. आमची दावण रिकामी झाल्यापासून मालक त्या दिवशी दुसऱ्यांच्या गोठ्यात जाऊन उभे राहायचे. कुणी हात लावू दिला तर लावायचे. ह्या वर्षी कुठं गेले नाहीत. मी आत पुरणाची डाळ निवडत होते. लाइट गेलेली. बाहेरून हाक आली.

"ऐकलं का, गाडी जरा पुढं घे. अर्धा हात."

"रस्त्यावर काढायची न्हाई असं ठरलंय."

"रस्त्यावर कोण म्हणायलंय? गोठ्यातल्या गोठ्यात."

"कशाला पण?"

"खालची बाजू राहिली."

मला वाटलं, पुसायलेत. मी जाऊन गाडी अर्धा हात पुढं घेतली. अंधारून आलं होतं, मला काही दिसलं नाही. मालकांनी गाडीपुढं हात जोडले आणि दरवर्षी बैलांना म्हणतात तसं म्हणले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी पण हात जोडले आणि डाळीकडं परत गेले.

पोळ्याच्या सकाळी लेक आला. जेवण झालं की आधी वळण, असं त्यानंच काढलं. मी म्हणलं, रिकामी गाडी कशाला, भांडी भरूनच निघू, वळण पार झालं की तशीच चारठाण्याला जाते. तो म्हणला, पार झालं तर. आम्ही भांडी भरली. मालक मागं सगळ्यांत मोठ्या कढईला पाठ लावून बसले, मी स्टेअरिंगवर, लेक शेजारी.

आमच्या गोठ्यातून रस्त्यावर यायला शहाबादी फरशीचा एक चढ आहे. मी पाय टेकवला. गाडी निघाली नाही. अजून टेकवला. आवाज नाही, धूर नाही, गाडी आहे तिथंच.

"हॅन्डब्रेक," लेक म्हणला.

"काढलाय."

तेवढ्यात जाऊ तिचा बैल घेऊन आमच्या दारात आली. झूल घातलेली, शिंगं रंगवलेली. बैल ओवाळून घ्यायचा सोडून सरळ गाडीकडं गेला आणि पुढचं चाक चाटायला लागला.

"अक्का, तुझी मागची चाकं जागच्या जागी फिरायलीत अन् पुढचं माझा बैल खायलाय."

लेक खाली उतरला. चाकावरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. वास घेतला.

"आई, हे काय आहे?"

"हळद असंल. मालकांनी टिळा लावला असंल."

"आणि?"

"लोणी," मागून कढईपाशी बसलेले मालक म्हणले.

"टायरला लोणी, दादा?" लेक बापाला दादा म्हणतो.

"खांदमळण केली काल. बैलाच्या खांद्याला कामून लावत्यात? ओझं तिथं येतं म्हणून. आता हिचं ओझं कुठं येतं ते तू सांग मला."

लेकानं दुसऱ्या चाकावरून बोट फिरवलं, ते पण पिवळं.

"आखं चाक माखलं," मालक म्हणले. "एक बोट जागा सोडली न्हाई. मधे तुझ्या आईनं पुढं घेऊन दिली म्हणून खालून पण झालं."

लेकानं माझ्याकडं बघितलं. मी बैलाकडं बघितलं. बैलाचं चांगलं चाललं होतं.

"किल्ली दे, आई. घसरली."

"घसरली कुठं? जागची हलली न्हाई. घसरायला आधी निघावं लागतं."

"आई."

जाऊ मधे पडली. तिच्या सोयाबीनचा प्रश्न होता, त्यामुळं तिला सगळा ठराव पाठ. "वळणावर घसरली तर किल्ली तुझी असं ठरलंय, लेकरा. हे वळण हाय का? हे अंगण हाय."

लेकानं किल्लीसाठी हात पुढं केला होता. मग त्यानं हात खाली घेतला आणि म्हणला, धुवा.

तेलकट डेगी घासण्यात माझी उमर गेली, चार टायरांचं काय घेऊन बसलात. कढत पाणी, चुलीतली राख, नारळाचा काथ्या. जावेनं पदर खोचला. लेक पाणी ओतायला. आम्ही दोघी बसून टायरांच्या खाचाखाचांतून लोणी काढायलो आणि ती प्रत्येक खाचेला म्हणायची, घरात ताकाला लोणी न्हाई अन् हितं बघा. मालक वरून बघत बसले होते. वर्षाची सेवा गटारीनं वाहायली होती. राखेनं रबराचे ते बारीक केस पण निघाले, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"लव गेली सगळी," ते म्हणले.

धुऊन झाल्यावर मी पाय टेकवला आणि गाडी चढ चढून रस्त्यावर आली. जाऊ बैल बांधून आमच्या पुढं निघाली होती. आम्ही ओढ्यापाशी गेलो तर ही आपल्या सोयाबीनपुढं दोन्ही हात पसरून उभी. सकाळी भुरभुर झालेली, वळणावर काळं चकचकीत. मी अलीकडंच पाय उचलला. ह्या गाडीत पाय उचलला की ती आपोआप मंद होते.

लेक पुढं बघत होता. एकदम म्हणला, "त्या व्हिडिओत शेवटी झाकणच दिसतं, आई. तू दिसत नाहीस. तू फोन उचलेपर्यंत मी ते झाकणच बघत होतो."

मी म्हणलं, "आता हितं हाय ना. बस नीट."

आणि वळण घेतलं. पुढची चाकं चिखलात गेली. एवढा वेळ मागं भांडी बडबडत होती, ती एकदम गप्प झाली. मला लगेच कळलं. गाडी खडखडत चालते तोवर ठीक, भांडी गप्प झाली म्हणजे गाडी चालत नाही, घसरते. जावेनं हात अजून पसरले. मी स्टेअरिंग सैल धरलं आणि पाय अगदी हलका, चुलीवरच्या दुधाला फुंकर घालतात तेवढाच टेकवला. मागून धरल्यासारखं झालं. त्या ढेकळांनी माती पकडली, ढकललं, आणि सगळी भांडी पुन्हा एकदम बोलायला लागली. असा गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

पलीकडं कोरड्यावर जाऊन गाडी थांबवली. लेकाचे डोळे मिटलेले होते.

"झालं?"

"झालं."

"घसरली का?"

"जराशी. मग धरलं."

तो उतरला आणि चालत मागं गेला. चाकोऱ्या बघितल्या. जावेला विचारलं, काकू, तुमचं सोयाबीन? ती म्हणली, एक पान गेलं न्हाई, लिहून देऊ का? तरी त्याचं मन भरेना. मला म्हणला, मला एकदा चालवून बघू दे.

मी उतरले. तो गाडी वळवून परत गेला आणि पलीकडून पुन्हा यायला लागला. मी आणि जाऊ बांधावर उभ्या. मला मनात काय मागावं ते कळेना. आईनं काय मागायचं ते मला माहीत आहे. पण त्याच्या हातची गाडी एवढीशी, चार बोटं, हलली असती तर मला चाललं असतं. तो आला तो बैलाच्या चालीनं, मागं मालक कढई धरून बसलेले. थोडी हलली, धरली, पार झाली. तो खाली उतरला आणि मागच्या टायरावर हात ठेवला.

"टायर चांगले आहेत."

"निवडले कुणी?" वरून मालक म्हणले.

"घासले कुणी?" जाऊ म्हणली.

चालवली कुणी, हे कुणाच्या तोंडातून येईना. मी वाट बघितली. तिघांनी टायरांकडं बघितलं, चिखलाकडं बघितलं, पुन्हा टायरांकडं बघितलं. आता मात्र मी तोंड उघडलं होतं. चांगलं चारचौघांत ऐकवणार होते. तेवढ्यात लेक गाडीला वळसा घालून गेला आणि डावीकडचं दार उघडून शेजारच्या जागेवर बसला. किल्ली त्यानं गाडीलाच ठेवली होती.

मी तोंड मिटलं. जावेला म्हणलं, येतीस का चारठाण्याला? ती म्हणली, जागा कुठं हाय? मालक सरकले. ती पदर सावरून दुसऱ्या कढईपाशी चढून बसली. मी आपल्या जागेवर बसले. लेकानं त्याच्या लांब पायांसाठी सीट मागं केली होती, ती पुढं ओढली. आरसा वर केला होता, तो माझ्यापुरता खाली घेतला. आणि पाय टेकवला.